सुई ओवताना: डोळ्यांना दोष देण्याआधी

मंगळवार पेठेत माझ्या घरी साडीला फॉल लावायला, हातशिलाई शिकायला बायका-पोरी येतात. नवी कोणी आली की पहिल्या दिवशी मी फार काही शिकवत नाही. हातात सुई देते, रीळ देते आणि म्हणते, ओव. मग नुसती बघत बसते. कोणी दोऱ्याचं टोक तोंडात घालून चोखते, कोणी एक डोळा मिटून सुई खिडकीकडे धरते, कोणी श्वासच कोंडून घेते. मागे राजारामपुरीतनं कॉलेजची एक पोरगी आली होती. पाच मिनिटांनी तिनं सुई खाली ठेवली आणि म्हणाली, "काकी, मी धा वेळा प्रयत्न केलो, जाईनाच झालाय. चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं." (आमच्या कोल्हापुरात पोरीसुद्धा 'मी केलो, मी गेलो' म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.) वय एकोणीस, डोळे ठणठणीत.

तिचा दोरा मी हातात घेऊन बघितला. दातानं तोडलेला, टोकाला चार फाटे फुटलेले, आणि सुई १० नंबरची, म्हणजे फार बारीक. तो दोरा त्या सुईत मलासुद्धा ओवता आला नसता, आणि मी हे काम करते त्याला तीस वर्षं होत आली.

सुई ओवली जात नाही यात डोळ्यांचा वाटा असतो, नाही असं नाही. पण तो बराच मागचा. आधी दोऱ्याचं टोक तपासायचं, मग सुईचं माप, मग आपले हात, आणि तेवढं करूनही जमेना तर डोळे. मी त्याच क्रमानं सांगते.

एक शब्द आधी सांगून ठेवते, कारण पुढे तो सारखा येणार आहे. सुईच्या भोकाला नेढं म्हणतात. गड हिंडणाऱ्यांना हा शब्द राजगडामुळे माहीत असतो. तिथल्या सुवेळा माचीवर कातळात आरपार भोक आहे, त्यालाही नेढंच म्हणतात, आणि त्यात माणसं ऐसपैस बसून डबा खातात. आपल्या वाट्याला आलेलं नेढं जरा लहान. सैबेरियात सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीच्या हाडाच्या सुया सापडल्या आहेत, नेढ्यासकट. म्हणजे हा वैतागही तेवढाच जुना असणार.

दोऱ्याचं टोक

निम्मी लढाई इथेच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

दोरा म्हणजे एक अखंड तार नव्हे. बारीक तंतूंना पीळ देऊन त्याचे पदर होतात आणि ते पदर पुन्हा एकमेकांवर पिळून दोरा होतो. दातानं तोडला की तो कापला जात नाही, ताणून तुटतो. प्रत्येक तंतू वेगवेगळ्या जागी तुटतो, पीळ सुटतो आणि टोकाची केरसुणी होते. त्यातले दोन तंतू नेढ्यात शिरतात, बाकीचे बाहेर अडून बसतात. आपल्याला वाटतं गेला, ओढायला जावं तर सगळाच मागे येतो. बोथट कात्रीही हेच करते. घरात भाजीच्या पिशव्या कापायला आणि दुधाची पिशवी फोडायला जी कात्री असते, ती यासाठी वापरू नका. दोरा कापायची लहान कात्री वेगळी ठेवा, आणि तिनं कागद कापणाऱ्याला घरात खुशाल ओरडा.

कापायचं ते तिरकं. आडवं कापलं तर टोक दोऱ्याच्या पूर्ण जाडीचं राहतं, तिरकं कापलं तर निमुळतं होतं. चप्पल करणारे कारागीर बघा. कोल्हापुरीला चामड्याच्याच वादीची शिलाई असते, आणि टोक निमुळतं केल्याशिवाय वादी भोकातून सरळ जात नाही. चामड्याला जे लागतं ते सुताला का लागू नये?

आता कुठलं टोक ओवायचं? बहुतेक जणी आधी रिळातून हातभर दोरा तोडतात आणि मग कुठलं तरी एक टोक ओवतात. उलट करा. रीळ तसंच असू द्या, त्याचं मोकळं टोक तिरकं कापा, ते सुईत ओवा, आणि नंतर रिळाकडून पाहिजे तेवढा दोरा तोडा. गाठ मारायची ती या नंतर तोडलेल्या टोकाला. असं केलं की दोरा रिळातून ज्या दिशेनं सुटला त्याच दिशेनं कापडातून ओढला जातो आणि त्याला गुंता कमी होतो. सुती दोऱ्यात हा फरक मला चांगला जाणवतो, पॉलिस्टरमध्ये फारसा नाही. पण सवय लागली की दोन्हीला तेच करता येतं, आणि ओवताना दुसरं टोक कुठं गेलं हे शोधावं लागत नाही, तो फायदा वेगळाच.

कापल्यावर टोक अंगठ्याच्या नखाखाली धरून दाबा, चपटं होऊ द्या. कारण नेढं अगदी गोल नसतं, थोडं तरी उभट असतं, बाजरीच्या दाण्यासारखं. गोल दोऱ्यापेक्षा चपटा दोरा त्या उभ्या फटीत सहज शिरतो, मात्र चपटी बाजू फटीच्या दिशेनं उभी धरायची. आडवी धरलीत तर होती त्यापेक्षा अडचण वाढेल.

आणि थुंकी. हा विषय निघाला की प्रत्येकीला आपल्या आज्जीची आठवण येते, त्यामुळे जपून बोलते. थुंकी लावल्यानं सुटलेले तंतू एकमेकांना चिकटतात, हे खरं. पण सुती दोरा ओला झाला की फुगतो, आणि जास्त भिजला तर टोक मऊ पडून वाकतं. म्हणून लावायचीच झाली तर नुसता ओलावा लावा आणि लगेच दोन बोटांत पिळून चपटं करा. याहून बरा उपाय म्हणजे दोऱ्याऐवजी सुईचं नेढं ओलं करायचं. पाण्याचं बोट नेढ्यावर फिरवलं की त्यात पाण्याचा पापुद्रा धरतो आणि दोऱ्याचं टोक त्याला टेकताच आत ओढलं जातं. नेहमीच काम करतं असं नाही, पण करतं तेव्हा मजा वाटते. काम झाल्यावर सुई पुसून ठेवायची, नाहीतर गंजते. आणि दुसऱ्याची रेशमी साडी मांडीवर असेल तर पाणी, थुंकी दोन्ही लांब ठेवा. रेशमावर पाण्याच्या थेंबाचासुद्धा डाग उमटतो, आणि मग गिऱ्हाइकाला काय सांगणार?

टोक कडक करायला मी मधमाशीच्या मेणाचा लहान तुकडा ठेवते. त्यावरून दोऱ्याचं शेवटचं दोन इंच टोक एकदा ओढलं की तंतू बसतात. मेण नसलं तर अंगाच्या साबणाची वाळलेली चिपटी चालते, धुतल्यावर निघूनही जाते. नेलपॉलिशचा ठिपका लावून वाळवला तर टोक अगदी तारेसारखं होतं. जरीचा दोरा ओवायचा असेल तेव्हा हे करा, नंतर तेवढं टोक कापून टाकायचं. रोजच्या कामाला एवढा खटाटोप नको.

सुई कुठली घ्यायची

दुकानात गेल्यावर 'बारीक सुई द्या' असं नवख्या हमखास सांगतात. बारीक सुई म्हणजे चांगली शिलाई, अशी समजूत. नीट शिलाई सुईच्या बारीकपणापेक्षा हातानं होते, आणि हात बसायला अजून सहा महिने आहेत.

हातशिलाईच्या सुयांचे नंबर साधारण १ ते १२ असे असतात आणि इथे उलटा हिशोब आहे: नंबर जेवढा मोठा, सुई तेवढी बारीक आणि नेढंही तेवढं लहान. मशीनच्या सुईचं बरोबर याच्या विरुद्ध. तिथे १४ नंबरपेक्षा १६ नंबर जाड. मशीनवर शिवणाऱ्या बायका हातसुई घेताना इथेच फसतात.

साध्या शिलाईच्या सुईचं नेढं लहान आणि गोलसर असतं. भरतकामाची सुई तेवढ्याच लांबीची, तेवढ्याच जाडीची, पण नेढं लांबट. म्हणून नवशिक्यांना मी सरळ भरतकामाचीच ७ किंवा ८ नंबरची सुई घ्यायला सांगते. फॉल लावा, तुरपाई करा, बटण लावा, सगळ्याला चालते. हा एक बदल केला तरी निम्म्या जणींची तक्रार तिथेच मिटते. महाद्वार रोडला, लक्ष्मीपुरीत, टेलरिंग मटेरियलच्या कुठल्याही दुकानात विचारा. मिक्स नंबरचं पाकीट मिळालं तर सुरुवातीला तेच घ्या, एक-एक वापरून बघितल्यावर आपला हात कुठल्या नंबरवर बसतो ते कळतं.

घरी आणल्यावर सुई दोऱ्याशी जुळते का ते असं बघा: ओवलेला दोरा नेढ्यातून पुढे-मागे सरकवा. सहज सरकला पाहिजे. घासत, अडत येत असेल तर प्रत्येक टाक्याला तो तसाच घासणार, पिंजणार आणि शेवटी ऐन मध्यावर तुटणार. 'कसाबसा गेला' ही आनंदाची गोष्ट नाही, ती सुई बदलायची खूण आहे.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. सुईचं नेढं ठोकून पाडलेलं असतं, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या नसतात. एका बाजूनं कड जरा गुळगुळीत आणि मोकळी, दुसऱ्या बाजूनं थोडी खरबरीत. तीन-चारदा करून दोरा जाईना, तर चिडायच्या आधी सुई बोटात अर्धी फिरवा आणि दुसऱ्या बाजूनं ओवा. बरेचदा पहिल्याच फटक्यात जातो.

दोऱ्याप्रमाणे थोडा फरक करावा लागतो. भरतकामाच्या लडीत सहा पदर असतात (८ मीटरची लडी मिळते ती), ते सगळेच्या सगळे ओवायचे नसतात. हातभर तुकडा कापा, त्यातून एक-एक पदर वर ओढून सुटा करा आणि दोन किंवा तीन पदर पुन्हा एकत्र धरून ओवा. दोन पदर एकदम खेचायला गेलात तर खाली गुंत्याचा लाडू होतो. जरीच्या दोऱ्यावरची चमकती पट्टी टोकाला उसवते, म्हणून जरीला एक-दोन नंबर जाड सुई आणि वीतभरच तुकडा. लोकरीचं टोक ओवायच्या भानगडीत पडूच नका. लोकर सुईवर टांगून घट्ट दुमडा, ती दुमड बोटांत चिमटून सुई बाहेर काढा आणि दुमडलेला भागच नेढ्यात ढकला. दुमडीला फाटे नसतात.

वाकळ शिवणाऱ्या बायकांना हे सगळं वाचून हसू येईल. आमच्या जिल्ह्यात गोधडीला वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून ती शिवायची, त्यासाठी दाभण नाहीतर जाड सुई, आणि दोराही तसाच दणकट. त्यात दोरा ओवणं म्हणजे दारातून माणूस आत येण्याइतकं सोपं. तिथला त्रास पुढे असतो, सुई पाच थरांतून ओढताना.

हात: दोरा सुईकडे न्यायचा नाही

आता खरी कृती. नेहमीची चूक अशी की डाव्या हातात सुई घट्ट उभी धरायची आणि उजव्या हातातला दोरा, दोन इंच बाहेर लोंबत ठेवून, तिच्याकडे भाल्यासारखा न्यायचा. दोऱ्याचं टोक जेवढं बाहेर, तेवढं ते डुलणार. नेढ्यावर नेम धरून झाला की टोक वाकतं, वाकलेलं सरळ केलं की नेम चुकतो.

मी शिकवते ते असं. डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत दोऱ्याचं टोक चिमटीत पकडा. इतकं आत पकडा की बाहेर काहीच दिसता कामा नये. मग चिमटी अगदी किंचित सैल करा, किंवा बोटं जरा मागे वळवा, म्हणजे दोन्ही बोटांच्या मधल्या फटीत दोऱ्याचा नुसता ठिपका दिसेल. तीळभर, त्याहून जास्त नाही. उजव्या हातात सुई घ्या, नेढं खाली, उभट फट बोटांच्या फटीला समांतर. आणि आता सुई त्या ठिपक्यावर आणून टेकवा. चिमटीत थोडी दाबा. बोटांनी दोऱ्याला दोन्ही बाजूंनी आधार दिलेला असतो, त्याला वाकायला जागाच नाही. तो सरळ नेढ्यात शिरतो. दुसऱ्या बाजूनं जरासं टोक दिसलं की चिमटी सोडून तेवढं टोक धरून ओढा.

डावखुऱ्या असाल तर हात बदला, बाकी तेच.

पहिल्या दोन-तीन वेळा सुई बोटांत दबते आणि दोरा बाजूला सरकतो. तेव्हा दोरा पुन्हा पुढे ओढून घ्या, तिरका कापा, पुन्हा करा. एकदा वाकलेल्या, पिंजलेल्या टोकानं पुन्हा पुन्हा झगडू नका. टोक कापायला काही पैसे पडत नाहीत.

हात थरथरत असतील, आणि वयानं ते थरथरतातच, तर दोन्ही कोपर टेबलावर किंवा मांडीवर टेकवा आणि दोन्ही हातांच्या करंगळ्या एकमेकींना लावून ठेवा. हात जोडलेले असले की हलले तरी एकत्र हलतात, सुई आणि दोऱ्यातलं अंतर तेवढंच राहतं. श्वास कोंडायची गरज नाही. सोडून द्या आणि सोडता सोडता टेकवा.

याहून सोपी एक युक्ती तळहाताची आहे. दोरा डाव्या तळहातावर आडवा पसरा, त्यावर सुईचं नेढं सपाट ठेवा आणि दाबून पुढे-मागे चोळा. थोड्या वेळात दोऱ्याचा बारीक फास नेढ्यातून वर डोकावतो, तो पकडून ओढायचा. बारीक दोरा आणि लांबट नेढं असेल तर जमतं. तळहात घामेजलेला असला तर नाही, आणि दहा नंबरच्या सुईत तर मुळीच नाही. पोरांना दाखवायला झकास, रोजच्या कामात मी वापरत नाही. तळहाताऐवजी जुन्या टूथब्रशवर हेच केलं तर मात्र जास्त भरवसा वाटतो. दोरा ब्रशच्या केसांवर आडवा ठेवायचा आणि वरून नेढं दाबायचं. केस खालून दोऱ्याला नेढ्यातून वर ढकलतात.

उजेड आणि चाळिशी

जुन्या पेठांतल्या घरांना उजेड कमी. एक सोपा, म्हणजे दाराजवळची पुढची खोली, सोडला तर आत दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो, आणि जुलैत पावसाची झड लागली की सोप्यातही अंधारच. मी उंबऱ्याजवळ बसते, पाठ दाराकडे करून, म्हणजे उजेड खांद्यावरून हातावर पडतो. खिडकीकडे तोंड करून सुई उजेडावर धरली तर नेढं दिसतं खरं, पण डोळे दिपतात आणि दोऱ्याचं टोक नुसतं काळं दिसतं.

नेढ्यामागे काय आहे हेही बघा. काळा, लाल, गडद दोरा असेल तर मागे पांढरा कागद धरा. पांढरा किंवा फिका दोरा असेल तर मागे गडद परकर नाहीतर काळी पिशवी. अंगावर फुलाफुलांचा गाऊन घालून मांडीवर सुई ओवणाऱ्या बायकांना नेढं सापडत नाही, त्यात नवल काय?

चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं. आपल्या भाषेत त्या चष्म्याचंच नाव चाळिशी आहे, एवढी ही गोष्ट ठरलेली. डोळ्यातलं भिंग वयानुसार कडक होत जातं आणि जवळच्या वस्तूवर नजर जमवता येत नाही. अशा वेळी सुई हातभर लांब धरून डोळे बारीक करण्यापेक्षा तपासून चष्मा घ्यावा. यात लाज कसली? माझ्याकडे येणाऱ्या पंचेचाळिशीतल्या कितीतरी जणी पर्समध्ये चाळिशी असूनही बाहेर काढत नाहीत.

ज्यांना लांबचा आणि जवळचा एकाच काचेत असा चष्मा आहे, त्यांच्यासाठी एक खास सूचना. जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. आपण सवयीनं सुई डोळ्यांसमोर, उंच धरतो, आणि मग नजर जाते ती वरच्या, लांबच्या नंबरातून. सुई छातीशी खाली आणा, मान न वाकवता नुसती नजर खाली करा. मी स्वतः दोन महिने नव्या चष्म्याला शिव्या घालत होते. चूक सुई धरायच्या उंचीची निघाली.

एक डोळा मिटू नका. सुई आपल्यापासून किती लांब आणि दोरा किती लांब, हा अंदाज दोन डोळ्यांनी चांगला येतो. एक मिटला की दोरा नेढ्याच्या मागून किंवा पुढून जातो आणि आपण मोकळ्या हवेत ओवत बसतो. आणि दिवा झगझगीत हवा. भरपूर उजेडात डोळ्याची बाहुली लहान होते आणि बारीक वस्तू जास्त रेखीव दिसते. म्हणून एकच सुई दुपारी उन्हात चटकन ओवली जाते आणि रात्री पिवळ्या बल्बखाली छळते.

आमच्याकडे दिवेलागणीनंतर शेजारी सुई मागायला जाऊ नये असं म्हणतात. मागे काय शास्त्र असेल ते असो, पण मला वाटतं कोणीतरी शहाणी बाई अंधारात सुई हरवून बसली असणार आणि दुसऱ्या दिवशी ती कोणाच्या तरी पायात सापडली असणार.

साधनं

पत्र्याच्या चकतीला बारीक तारेचा चौकोनी फास लावलेला असतो, ते दोरा ओवायचं साधन म्हणजे नीडल थ्रेडर. चहाच्या पैशात मिळतं. तार नेढ्यातून घालायची, फासात दोरा घालायचा, तार मागे ओढायची. दोन गोष्टी सांभाळा. तार आत शिरतच नसेल अशा बारीक सुईवर जोर करू नका, आणि ओढताना पत्रा नव्हे तर तारेजवळ धरून सरळ ओढा. वाकडं ओढलं की तार पत्र्यातून निसटते. तशा निसटलेल्या पाच-सहा चकत्या माझ्या डब्यात पडून आहेत.

ते हाताशी नसेल तर घरी करा. खराब झालेल्या चार्जरच्या वायरीचं आवरण सोला, आत केसासारख्या तांब्याच्या तारा असतात. एक तार मधोमध दुमडा, दुमड बोटांत चिमटून टोकदार करा, झालं थ्रेडर. बारीक नेढ्यात तर विकतच्यापेक्षा हे बरं चालतं. (वायर प्लगला लावलेली नाही ना, ते आधी बघा. हेही सांगावं लागतं.) याच धर्तीवर जाड दोरा ओवायचा असेल तर बारीक दोऱ्याचा फास आधी नेढ्यातून काढा आणि त्या फासातून जाड दोरा ओढून घ्या.

डोक्याला खाच असलेल्या सुयाही मिळतात, सेल्फ थ्रेडिंग म्हणून. दोरा वरून खाचेवर ताणून दाबला की टक् करून आत बसतो. ज्यांना खरोखरच दिसत नाही त्यांना ही सुई द्या, शर्टाचं बटण त्यांचं त्या लावतील. लांब शिलाईला मात्र ती मला पटत नाही. खाचेची कड दोरा घासते आणि कधी आला तसा तो निसटूनही जातो.

टेबलावर ठेवायचं, बटण दाबलं की दोरा आत जाणारं एक प्लॅस्टिकचं यंत्रही असतं. त्यात सुई नेढं खाली करून उभी ठेवायची असते. बायका ती टोक खाली करून घालतात आणि यंत्र बिघडलं म्हणतात.

हल्ली आरी वर्कचे, म्हणजे आरीनं करायच्या भरतकामाचे, क्लास गल्लोगल्ली झालेत. त्या आरीला टोकाला आकडा असतो, नेढं नाहीच. ओवायच्या कंटाळ्यानं माझ्या दोन शिष्या तिकडे गेल्या असाव्यात असा मला दाट संशय आहे.

ओवल्यानंतर

दोरा किती घ्यायचा? बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत, म्हणजे साधारण ४५ ते ५० सेंटीमीटर. पुन्हा पुन्हा ओवायला नको म्हणून नवख्या दोन-दोन हात लांब दोरा घेतात. मग दर टाक्याला हात छतापर्यंत न्यायचा, दोरा खुर्चीच्या दांड्याला अडकायचा, त्याला गुंता पडायचा, आणि शेवटी तो तोडून पुन्हा ओवायचाच. साडीच्या फॉलची पट्टी अडीच मीटरच्या आसपास असते. ती एका दोऱ्यात संपवायचा हट्ट मी कोणालाच करू देत नाही.

ओवल्यावर एका बाजूची शेपूट बोटभर लांब ठेवा आणि शिवताना मधून मधून सुई थोडी पुढे-मागे सरकवा, म्हणजे दोरा एकाच जागी झिजत नाही. पॉलिस्टरचा दोरा गुळगुळीत, तो सारखा निसटतो. त्यासाठी शेपटीच्या टोकाजवळ दोऱ्याच्याच मधून सुईचं टोक आरपार घाला आणि सुई ओढून घ्या. दोरा नेढ्यापाशी स्वतःत अडकतो, निसटत नाही. जाड दोऱ्यातच हे नीट जमतं. काम झाल्यावर तेवढं टोक कापून टाकायचं.

पावसाळ्यात सुया गंजतात आणि गंजलेल्या सुईच्या नेढ्यात दोरा चिरतो. टॅल्कम पावडर घातलेल्या लहान डबीत ठेवा, किंवा लोकरीच्या कापडात टोचून. ओल्या भिंतीच्या कपाटात उघड्या ठेवू नका. गंज चढलेली सुई टाकून द्या, पण कागदात गुंडाळून, चिकटपट्टी लावून. कचरा गोळा करणाऱ्यांचे हातही हातच आहेत.

आणि आता माझ्या आज्जीची गोष्ट. तिला शेवटची काही वर्षं नेढं दिसत नव्हतं. पण दिवसभर शिवायची. सकाळी शाळेला जायच्या आधी ती मला हाक मारायची, "ये गं, तुझे डोळे कोवळे हाईत." दोरा न तोडता रिळाचं मोकळं टोक धरून मी एकामागून एक दहा सुया त्यात ओवायची, माळेसारख्या. पुढची सुई लागली की आज्जी दोरा हातभर ओढायची, एकच सुई त्यावर राहू द्यायची, बाकीच्या नऊ रिळाकडे सरकवायची आणि मधून कापायची. दिवसभर तिला कोणाची गरज लागत नसे. घरात डोळे चांगले असलेलं कोणी सकाळी तासभर जरी असेल तरी हे करून घ्या. एकट्या राहत असाल तर दुपारी भरपूर उजेडात स्वतःच करून ठेवा, रात्रीची सोय होते.

माळ झाली की दोरा रिळाच्या खाचेत अडकवून सुया स्पंजच्या तुकड्यात टोचून ठेवा. एकदा मी तशाच सोडल्या होत्या. रात्री मांजरानं रीळ सोप्यातून अंगणापर्यंत नेलं, आणि सकाळी आम्ही तिघीजणी चुंबक घेऊन सुया मोजत हिंडत होतो. नऊ सापडल्या. दहावी दोन दिवसांनी पायपुसण्यात निघाली.